स्पोर्ट्‌स कारचे टायर बदलायचेत? आधी जुने टायर नीट बघा

स्पोर्ट्‌स कारचे टायर संपलेत की नाहीत, हे गाडीशेजारी उभं राहून कळत नाही. बाहेरच्या बाजूने नक्षी शाबूत दिसते आणि आतली कड पार गोटा झालेली असते. वळणावर टायरची पूर्ण रुंदी रस्त्याला टेकावी म्हणून या गाड्यांची चाकं वरच्या बाजूने किंचित आत कललेली ठेवतात. याला निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात. सरळ रस्त्यावर त्यामुळे भार आतल्या कडेवर पडतो आणि झीजही तिथेच होते. म्हणून नवे टायर शोधायला बसण्याआधी स्टिअरिंग पूर्ण वळवा, टॉर्च घ्या आणि आतली कड बघा. मागच्या चाकांसाठी सरळ जमिनीवर आडवं व्हावं लागतं. हात फिरवायचा तर जपून, कारण रबर संपून आतली तार वर आली असेल तर बोट कापतं.

पहिलं काम: जुन्या टायरची झीज आणि वय

नक्षीची खोली मोजायचं छोटं गेज मिळतं. प्रत्येक टायरवर आत, मधे आणि बाहेर अशा तीन ठिकाणी ते लावा आणि आकडे लिहून ठेवा. नव्या समर टायरची, म्हणजे उबदार हवेसाठी बनवलेल्या टायरची, खोली साधारण ७ ते ८ मिमी असते, शर्यतीच्या ट्रॅकसाठी बनवलेल्यांची त्याहून कमी. खाचांच्या तळाशी जे छोटे उंचवटे असतात, त्यांच्या बरोबरीला रबर आलं म्हणजे १.६ मिमी उरले. अनेक देशांत कायद्याची मर्यादा हीच आहे. पण रुंद टायरला पावसात अरुंद टायरपेक्षा जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, त्यामुळे तो पाण्यावर लवकर तरंगायला लागतो. तेव्हा ३ मिमी उरले की शोध सुरू करावा, असं माझं मत.

झीज कुठे झाली आहे, यावरून गाडीची तब्येतही कळते. फक्त मधला पट्टा गेला असेल तर हवा जास्त भरली जात होती. दोन्ही कडा गेल्या असतील तर कमी. एकच कड प्रमाणाबाहेर गेली असेल, किंवा डाव्या-उजव्या चाकांत फरक दिसत असेल, तर अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळणी) बिघडलेली आहे किंवा सस्पेन्शनचं एखादं बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, ढिलं झालंय. ते दुरुस्त न करता नवे टायर चढवलेत, तर त्यांचीही तीच गत होईल.

आता वय. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटी चार आकडे असतात. '२३२४' म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. काही टायरवर हे चार आकडे एकाच बाजूला असतात आणि ती बाजू नेमकी आत असते. स्पोर्ट्‌स कारच्या बाबतीत हे वय फार महत्त्वाचं, कारण या गाड्या आठवड्यातून एकदा बाहेर पडतात, टायर झिजायच्या आधी म्हातारे होतात, आणि नक्षी भरपूर असल्यामुळे मालकाला ते खरं वाटत नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये अभिनेता पॉल वॉकर ज्या पोर्शे कॅरेरा जीटीमध्ये होता, त्या अपघाताच्या तपासात वेग हेच मुख्य कारण ठरलं. पण त्या गाडीचे टायर नऊ वर्षांहून जुने होते, याचीही तपास अधिकाऱ्यांनी नोंद घेतली. रबर कडक होत जातं आणि पकड जाते, ती हळूहळू जाते म्हणून हातांना सवय होत राहते. ५ वर्षांनंतर दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासणी आणि १० वर्षांनंतर काहीही झालं तरी बदल, असा सर्वसाधारण सल्ला असतो. जोरात पळवायच्या गाडीला मी सहाच्या पुढे जाऊ देणार नाही.

माप कुठून घ्यायचं

गाडीवर चढलेल्या टायरवरून नाही, तर दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरून किंवा गाडीच्या पुस्तिकेवरून. गाडी दुसऱ्या हाताची असेल तर आधीच्या मालकाने काय उद्योग केलेत, कोणास ठाऊक.

समजा माप आहे २४५/३५ झेडआर १९ (९३ वाय). यात २४५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी. ३५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ३५ टक्के, म्हणजे पावणेनऊ सेंटिमीटरलाही थोडी कमी. झेडआर म्हणजे वेगवान गाड्यांसाठीचा रेडिअल टायर. १९ हा रिमचा व्यास, इंचात. ९३ हा भार निर्देशांक, म्हणजे एका टायरला ६५० किलो. वाय हे वेगाचं अक्षर. व्ही म्हणजे ताशी २४० किमी, डब्ल्यू म्हणजे २७०, वाय म्हणजे ३००. भार आणि वेग दोन्ही कंसात असतील तर टायर ३०० च्याही पुढे चालतो.

'मी कुठे तीनशेने जाणार आहे?' म्हणत खालच्या अक्षराचा टायर घेणारे बरेच असतात. पण हे अक्षर फक्त कमाल वेगाचं नसतं. तो वेग झेलायला टायरच्या आत नायलॉनचे जादा पट्टे आणि उष्णता सोसणारी बांधणी लागते, आणि त्याच बांधणीमुळे स्टिअरिंगला टायर चटकन उत्तर देतो. बुगाटी शिरॉनचा वेग कंपनीने ४२० वर बांधून ठेवला, त्यात टायरची मर्यादा हे मोठं कारण होतं. २०१९ मध्ये त्याच गाडीच्या खास आवृत्तीने ४९० चा आकडा ओलांडला, तेव्हा तिच्यासाठी मुद्दाम मजबूत केलेले टायर लावले होते. तेव्हा अक्षर आणि भार निर्देशांक कंपनीने दिलेल्यापेक्षा खाली कधीच नको. एक्सएल (जादा भार पेलणारा) असा शिक्का मूळ टायरवर असेल तर नव्यावरही हवा.

थोडा रुंद घेतला तर? २४५/३५ चं पूर्ण चाक जवळपास ६५४ मिमी उंच होतं, २५५/३५ चं ६६१. फरक एक टक्का. दिसायला किरकोळ, पण रिमची रुंदी त्या टायरला चालते का, वळताना तो आत कुठे घासतो का आणि पुढच्या-मागच्या चाकांचं गुणोत्तर बिघडतं का, हे तिन्ही प्रश्न लगेच उभे राहतात. बऱ्याच स्पोर्ट्‌स कारना पुढे-मागे वेगळी मापं असतात. पोर्शे ९११ कॅरेराच्या ९९२ पिढीत पुढे २३५/४० आर १९ आणि मागे २९५/३५ आर २० येतात. हे गणित कंपनीने गाडी मागून सुटू नये म्हणून घातलेलं असतं. त्यात हौसेने हात घालू नका.

गाडी खरोखर कशी चालवता?

इथे माणसं स्वतःशीच खोटं बोलतात. वर्षातून एकदा ट्रॅकवर जाणारा माणूस ट्रॅकचे टायर घेतो आणि उरलेले ३६४ दिवस आवाज, खडखडाट आणि पावसातली धडधड सहन करतो.

ढोबळमानाने चार प्रकार समोर येतात. रस्त्यासाठीचे उत्तम समर टायर, म्हणजे मिशेलिन पायलट स्पोर्ट फोर एस, कॉन्टिनेंटल स्पोर्टकॉन्टॅक्ट सेव्हन, ब्रिजस्टोन पोटेंझा स्पोर्ट, पिरेली पी झीरो या जातीचे. त्यांच्यापुढची पायरी जास्त चिकट रबराची, रस्ता आणि ट्रॅक अशी दोन्हीकडे पाय ठेवणारी, जसा योकोहामा अ‍ॅडव्हान ए०५२. मग मिशेलिन पायलट स्पोर्ट कप टू किंवा पिरेली पी झीरो ट्रोफेओ आर यांच्यासारखे, जे ट्रॅकसाठीच बनतात आणि रस्त्यावर चालवायला कायद्याने तेवढी मुभा असते. आणि चौथे ऑल-सीझन, पण वेगवान गाड्यांसाठीचे.

निवड करताना मी पहिला प्रश्न तापमानाचा विचारेन. समर टायरचं रबर ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतं. गोठवणाऱ्या थंडीत ट्रॅककडे झुकलेल्या टायरला तर तडा जाऊ शकतो, म्हणून उत्पादक स्वतःच तसा इशारा देतात. तुमची गाडी थंडीतही रोज बाहेर पडणार असेल, तर ऑल-सीझन किंवा थंडीसाठी वेगळा संच, दोनच पर्याय. त्यात कमीपणा काही नाही. ५ अंशांना चांगला ऑल-सीझन टायर महागड्या ट्रॅक टायरच्या पुढे निघून जातो.

दुसरा प्रश्न पावसाचा. ट्रॅक टायरच्या खाचा उथळ आणि कमी असतात. ओल्या रस्त्यावर रबर गरम असेल तोवर ते ठीक वागतात, पण साचलेलं पाणी आलं की हात आखडतात. त्यातून अर्धी नक्षी गेलेली असेल तर बघायलाच नको.

तिसरा प्रश्न टिकाऊपणाचा. अमेरिकेतल्या नियमांमुळे टायरवर ट्रेडवेअर असा आकडा छापलेला असतो. १०० चा एक संदर्भ टायर धरून त्याच्या तुलनेत हा आकडा काढतात; आकडा जास्त तेवढा टायर टिकाऊ. पायलट स्पोर्ट फोर एसवर ३०० असतो, ट्रॅककडे झुकलेल्यांवर २०० किंवा त्याहून कमी. हा आकडा टायर कंपनीच स्वतःच्या चाचणीवरून ठरवते, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरांत तुलना करायला तो बरा, दोन कंपन्यांत जपून. चिकट टायरचा अजून एक उपद्रव कोणी सांगत नाही: तो रस्त्यावरचे बारीक खडे उचलतो आणि चाकाच्या कमानीत तडातडा फेकतो. मागच्या चाकांपुढचा रंग काही महिन्यांत टवके उडून पांढरा दिसायला लागतो.

युरोपात विकल्या जाणाऱ्या टायरवर ओल्या रस्त्यावरच्या पकडीची श्रेणी असते, २०२१ पासून ए ते ई. ती बघा, पण ती फक्त ८० वरून २० च्या वेगावर येतानाच्या ब्रेकिंगची आहे. ओल्या वळणावर टायर कसा वागतो, सुटताना आधी इशारा देतो की एकदम दगा देतो, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी ऑटो बिल्ड हे जर्मन नियतकालिक, एडीएसी हा तिथला मोटार क्लब यांच्यासारख्यांच्या तुलनात्मक चाचण्या वाचा, आणि चाचणीतलं माप तुमच्या मापाच्या जवळचं आहे ना, ते आधी पाहा.

कंपनीचा शिक्का

एकाच नावाचा टायर वेगवेगळ्या गाड्यांसाठी आतून वेगळा असू शकतो. पोर्शेने मान्य केलेल्यावर एन झीरो, एन वन अशी खूण असते, बीएमडब्ल्यूसाठी चांदणी, मर्सिडीजसाठी एमओ, ऑडीसाठी एओ. खूण असलेला मिळत असेल तर तोच घ्यावा, कारण सस्पेन्शन त्याच्यावर जुळवलेलं असतं. पोर्शेच्या बाबतीत पुढे एन झीरो आणि मागे एन वन अशी भेळ करू नका. मात्र गाडी पंधरा वर्षांची असेल आणि खूण असलेला टायर गोदामात चार वर्षं पडून राहिलेला मिळत असेल, तर मी बिनखुणेचा, ताजा आणि नव्या पिढीचा टायर घेईन.

गाडीला मुळात रन-फ्लॅट असतील, जसे निसान जीटी-आरला, तर ते काढून साधे लावण्याआधी एक विचार करा: बूटमध्ये स्टेपनी नाही. साधा टायर हलका आणि मऊ चालेल, पण रन-फ्लॅट हवा गेल्यावरही साधारण ८० किमीपर्यंत ८० च्या वेगाने घरी आणतो. साध्यावर जाल तेव्हा कंप्रेसर आणि पंक्चर किट गाडीत ठेवा.

दोन की चार

इंजिनची ताकद मागच्या दोन चाकांवर जाणाऱ्या गाडीला मागची जोडी बहुतेक वेळा आधी संपते. तीच बदलली तरी चालतं, पण पुढे आहे त्याच मॉडेलची हवी. पुढे एका कंपनीचा, मागे दुसरीचा, असं केलं की मर्यादेवर गाडी कुठून सुटेल, याचा अंदाजच जातो. एका अ‍ॅक्सलवर, म्हणजे एका जोडीच्या दोन चाकांवर, दोन वेगळे टायर तर कधीच नाही. चारही चाकांना ताकद जात असेल तर गोष्ट वेगळी. झिजलेलं चाक लहान असतं, ते जास्त फेरे मारतं, आणि पुढच्या-मागच्या फेऱ्यांतला फरक पुढे-मागे ताकद वाटणारा मधला डिफरेन्शियल किंवा क्लच सतत सोसत बसतो. तिथे नक्षीतला फरक गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेच्या आत ठेवा, नाहीतर चारही बदला.

चढवताना आणि नंतर

रिमवर चढवण्याआधी चारही टायरचे माप, अक्षर आणि तारीख स्वतः वाचा. एकदा चढल्यावर परत घ्यायला कोणी तयार नसतं. बाण असलेला टायर फिरण्याच्या दिशेनेच लागतो. आतली-बाहेरची बाजू वेगळी असणाऱ्यावर 'आउटसाइड' लिहिलेलं असतं, ते लिहिलेलं असूनही उलटा बसवलेला टायर दिसू शकतो. कमी उंचीच्या साइडवॉलसाठी रिमला न ओरखडणारं मशीन असलेल्या जागीच जा. हवेचा दाब दाखवणाऱ्या सेन्सरची रबरं आणि व्हॉल्व्हचा गाभा त्याच वेळी बदलून घ्या, मग बॅलन्सिंग आणि शेवटी अलाइनमेंट.

हवा गार टायरमध्ये भरायची, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना. तापमान सहा अंशांनी उतरलं की दाब साधारण १ पीएसआयने कमी होतो, म्हणून ऋतू बदलला की पुन्हा मोजा. पुढे-मागे दाब वेगळा असतो, तो स्टिकरवरचा.

पहिले तीनशे किलोमीटर मात्र हात आवरा. साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेलं द्रव्य अजून रबरावर असतं, आणि नक्षीच्या पूर्ण खोलीच्या नव्या ठोकळ्यांमुळे गाडी थोडी डुलल्यासारखी वाटते. पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर टॉर्क पाना लावून चाकांचे नट पुन्हा एकदा तपासून घ्या.