पक्षाबाहेरील प्रचारगटाला देणगी देण्याआधी काय तपासावे

निवडणुकीच्या मैदानात उमेदवार आणि राजकीय पक्ष यांच्याखेरीज आणखीही अनेक जण उतरतात. एखाद्या प्रश्नावर मतदारांना जागे करणाऱ्या संघटना, एखाद्या समाजघटकाचे मंच, व्यावसायिकांचे गट आणि कोणत्याही पक्षाचे नाव न घेता विशिष्ट उमेदवाराला निवडून आणण्यासाठी किंवा पाडण्यासाठी पैसे जमवणारी मंडळे त्यांत असतात. ब्रिटनमध्ये अशा पक्षेतर प्रचारकांना ठरावीक रकमेपेक्षा अधिक खर्च करायचा असल्यास निवडणूक आयोगाकडे नोंदणी करावी लागते. भारतात अशा गटांसाठी वेगळा कायदा नाही आणि त्यामुळे त्यांना पैसे देण्यावर काही बंधनच नाही, असा समज पसरलेला दिसतो. तो समज चुकीचा आहे. नियम आहेत, फक्त ते लोकप्रतिनिधित्व कायदा, कंपनी कायदा, भारतीय न्याय संहिता, विदेशी योगदानाचा कायदा आणि आयकर कायदा अशा अनेक ठिकाणी विखुरलेले आहेत. म्हणून देणगी देणाऱ्याने आणि घेणाऱ्यानेही तीन गोष्टी आधी निश्चित कराव्यात: पैसा कोणाचा आहे, त्यातून होणाऱ्या प्रचाराचा लाभ कोणाला मिळणार आहे, आणि त्या प्रचाराला संबंधित उमेदवाराची लेखी संमती आहे का.

पैसा कंपनीचा असेल तर सर्वाधिक काळजी घ्यावी लागते. कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १८२ हे केवळ पक्षांना दिलेल्या देणग्यांविषयी आहे असे अनेक लेखापालही धरून चालतात. प्रत्यक्षात त्याचे दुसरे पोटकलम नेमके पक्षाबाहेरील गटांना उद्देशून आहे. देणगी दिली त्या वेळी ज्या व्यक्तीचे किंवा गटाचे काम एखाद्या पक्षाच्या लोकांमधील पाठिंब्यावर परिणाम करू शकेल असे वाजवीपणे म्हणता येते आणि कंपनीला त्याची कल्पना असते, त्या गटाला दिलेली रक्कम राजकीय हेतूने दिलेले योगदानच मानली जाते. पक्षाच्या स्मरणिकेतील, पुस्तिकेतील किंवा पत्रकातील जाहिरातीचा खर्चही योगदानच ठरतो, आणि प्रकाशन पक्षाचे नसले तरी ते पक्षाच्या फायद्यासाठी काढलेले असेल तर त्यालाही हाच नियम लागतो. म्हणजे ‘आम्ही पक्षाला एक रुपयाही दिला नाही, फक्त एका मंचाच्या स्मरणिकेत पानभर जाहिरात दिली’ हा बचाव आपोआप टिकत नाही.

एकदा रक्कम या कलमाखाली आली की पुढच्या अटी पाळाव्या लागतात. सरकारी कंपनीला असे योगदान देता येत नाही आणि स्थापनेला तीन वित्तीय वर्षे पूर्ण न झालेल्या कंपनीलाही नाही. संचालक मंडळाच्या बैठकीत ठराव व्हायला हवा. रक्कम खातेदेय (अकाउंट पेयी) धनादेश, बँक ड्राफ्ट किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गानेच द्यायची आहे, रोखीने नाही. नफा-तोटा पत्रकात तपशील दाखवायचा आहे. मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा २०१७ मध्ये काढून टाकली गेली होती, परंतु निवडणूक रोखे रद्द ठरवणाऱ्या १५ फेब्रुवारी २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्तीही घटनाबाह्य ठरवली. त्यामुळे २०१७ ते २०२४ या काळातील जुन्या सल्ल्यांवर विसंबून कोणी ‘आता मर्यादा नाही’ असे सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. गटाला दिलेली रक्कमही याच मर्यादेत मोजणे हा सावध मार्ग आहे, कारण नियमभंग झाल्यास कंपनीला देणगीच्या पाचपट दंड होऊ शकतो आणि जबाबदार अधिकाऱ्यांना सहा महिन्यांपर्यंत कारावासही होऊ शकतो.

व्यक्तीने स्वतःच्या पैशातून देणगी दिली तर या अटी लागत नाहीत, पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली कराची. राजकीय देणगीवरची करवजावट फक्त नोंदणीकृत राजकीय पक्षाला किंवा मान्यताप्राप्त निवडणूक न्यासाला (देणग्या घेऊन त्या पक्षांना वाटणाऱ्या संस्थेला), रोख सोडून अन्य मार्गाने दिलेल्या रकमेवर मिळते, आणि नवी करप्रणाली निवडलेल्यांना तीही मिळत नाही. प्रचारगटाला दिलेल्या पैशावर अशी वजावट नाही. गट ‘८० जी’ ची पावती देऊ करत असेल तर सावध व्हावे, कारण ती सवलत धर्मादाय कामासाठी आहे आणि राजकीय प्रचार हा धर्मादाय हेतू नव्हे. असा प्रचार करणारी संस्था स्वतःची करसवलतच धोक्यात घालत असते. दुसरी गोष्ट नोकरीची. राज्य व केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना वर्तणूक नियमांनुसार कोणत्याही राजकीय चळवळीला वर्गणी देण्यास मनाई आहे, मग ती देणाऱ्याच्या नावाने दिली काय किंवा गाजावाजा न करता दिली काय.

परदेशातून येणाऱ्या पैशाच्या बाबतीत सद्भाव पुरेसा नाही. विदेशी योगदान (विनियमन) कायदा, २०१० नुसार उमेदवार, राजकीय पक्ष, पक्षाचे पदाधिकारी आणि केंद्र सरकारने ‘राजकीय स्वरूपाची’ म्हणून जाहीर केलेली संघटना यांना विदेशी योगदान घेताच येत नाही. अनिवासी भारतीयाने भारतीय नागरिकत्व टिकवून ठेवले असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने पैसे पाठवत असेल, तर ते विदेशी योगदान धरले जात नाही. मात्र परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयाचा पैसा विदेशीच असतो, त्याच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असले तरीही. म्हणून गटाने पारपत्राची प्रत मागावी आणि देणगीदाराने ती मागितली म्हणून नाराज होऊ नये. विदेशी पैसा मध्ये आणखी एका हातातून फिरवला म्हणून तो देशी होत नाही. लोकहिताच्या प्रश्नावर आंदोलन केले एवढ्यावरून संस्था राजकीय ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये ‘इन्साफ’ या संघटनेच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. सक्रिय राजकारण आणि पक्षीय राजकारण यांत उतरणाऱ्या संघटनेला मात्र तो आधार घेता येत नाही.

यानंतरचा प्रश्न पैशाच्या वापराचा, आणि माझ्या मते प्रामाणिक गट सर्वाधिक अडकतात ते इथे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ नुसार उमेदवाराच्या सर्वसाधारण किंवा विशेष लेखी अधिकारपत्राशिवाय त्याला निवडून आणण्यासाठी सभा, जाहिरात, पत्रक किंवा अन्य कशावरही खर्च करणे हा गुन्हा आहे. जुन्या दंड संहितेत यासाठी ५०० रुपयांपर्यंत दंड होता, आता तो १० हजार रुपयांपर्यंत आहे. दहा रुपयांच्या आतील खर्चाला दहा दिवसांत लेखी मान्यता मिळवण्याची सवलत कायद्यात अजूनही आहे, पण एवढ्या पैशात आज एक फलकही छापून होत नाही. अधिकारपत्र घेतले की दुसरी बाजू लागू होते: उमेदवाराच्या संमतीने झालेला खर्च लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे त्याच्या हिशेबात धरला जातो आणि त्याच्या खर्चमर्यादेत मोजला जातो. इतरांनी उमेदवाराच्या माहितीने केलेला खर्च त्याच्या खात्यात धरावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ च्या कंवरलाल गुप्ता निकालात म्हटल्यानंतर संसदेने त्याच वर्षी दुरुस्ती करून पक्ष, संघटना आणि मित्रांचा खर्च वगळला होता. २००३ च्या दुरुस्तीने ती पळवाट बरीचशी बंद केली आणि पक्षनेत्यांच्या प्रचारदौऱ्यांच्या प्रवासखर्चापुरती सूट शिल्लक ठेवली. म्हणून देणगीदाराने गटाला सरळ विचारावे, तुमच्या पत्रकात उमेदवाराचे नाव असणार आहे का, आणि असल्यास त्याचे पत्र कुठे आहे. उत्तर टाळले गेले तर पैसे देऊ नयेत.

छापील साहित्यावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व पत्ते असणे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७अ नुसार बंधनकारक आहे. प्रकाशकाने आपल्या ओळखीचे घोषणापत्र, त्याला वैयक्तिकरीत्या ओळखणाऱ्या दोघांच्या साक्षांकनासह, दोन प्रतींत मुद्रकाला द्यायचे असते. याचा भंग केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. दूरचित्रवाणी, रेडिओ आणि समाजमाध्यमांवरील राजकीय जाहिरातीला माध्यम प्रमाणन समितीची पूर्वमान्यता लागते. नोंदणीकृत पक्ष व उमेदवारांनी तीन दिवस आधी अर्ज करायचा असतो, इतरांनी सात दिवस आधी. पक्षेतर अर्जदाराला ही जाहिरात कोणा पक्षाच्या किंवा उमेदवाराच्या लाभासाठी नाही आणि त्यांनी तिचा खर्च उचललेला नाही असे शपथेवर लिहून द्यावे लागते, त्यामुळे देणगीदारांमध्ये उमेदवाराचाच पैसा दडलेला असेल तर ते निवेदन खोटे ठरते.

देताना रक्कम गटाच्या नावाच्या बँक खात्यात जमा करावी, पदाधिकाऱ्याच्या वैयक्तिक खात्यात नव्हे. एका व्यक्तीकडून एका दिवसात दोन लाख रुपये किंवा अधिक रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे आणि मोडल्यास तेवढाच दंड घेणाऱ्यावर बसतो. पावतीवर देणगीदाराचे नाव, पॅन क्रमांक, तारीख, व्यवहाराचा क्रमांक आणि पैसे कोणत्या कामासाठी दिले याचा उल्लेख मागून घ्यावा. देवस्थानाच्या किंवा अन्य धार्मिक संस्थेच्या निधीतून असे पैसे देऊ नयेत; धार्मिक संस्थांच्या दुरुपयोगाला प्रतिबंध करणारा १९८८ चा कायदा पक्षाच्या लाभासाठी त्या निधीचा वापर मना करतो. ज्यांना खरे तर पक्षांनाच मदत करायची आहे त्यांच्यासाठी २०१३ च्या योजनेखालील निवडणूक न्यास हा मोकळा मार्ग आहे, कारण न्यासाला रोख घेता येत नाही, वर्षातील ९५ टक्के रक्कम नोंदणीकृत पक्षांना वाटावीच लागते आणि वजावटही मिळते. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. कलम १७६ त्यांनाही लागू असले तरी खर्चाचे आणि जाहिरातींचे आदेश त्या आयोगाचे स्वतंत्र असतात, म्हणून अशा निवडणुकीत पैसे देण्यापूर्वी त्याचे त्या वेळचे आदेश वाचावेत.