वस्तीवरच्या सेवकांचे प्रशिक्षण मोबाइलवर: आधी काय काय तयार हवे

वस्तीवरच्या ख्रिस्ती मंडळीत रविवारी वचन सांगायला उभा राहतो तो बहुतेक वेळा पगारी पाळक नसतो. आठवडाभर तो गवंडीकामाला जातो, कुणाकडे सालगडी असतो, नाहीतर काळी-पिवळी चालवतो. महिलांची प्रार्थना घेणाऱ्या बाई अंगणवाडीत मदतनीस असतात. यांना तीन वर्षांसाठी बायबल कॉलेजात जा म्हणणे म्हणजे घरची चूल बंद करा म्हणण्यासारखे आहे. म्हणून शिक्षणच वस्तीवर न्यायचे. ग्वाटेमालातल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीने १९६३ मध्ये हेच केले. घरदार आणि काम सोडून विद्यार्थी येऊ शकत नाहीत, तर शिक्षक खेड्यांकडे निघाले, आणि त्यातून ‘थिऑलॉजिकल एज्युकेशन बाय एक्स्टेन्शन’ म्हणजे टीईई ही पद्धत उभी राहिली. भारतात बंगळुरूची टॅफ्टी ही संस्था १९७१ पासून याच वाटेने चालली आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ टेड वॉर्ड यांनी या पद्धतीला लाकडी कुंपणाची उपमा दिली होती: एक आडवी पट्टी घरच्या अभ्यासाची, दुसरी प्रत्यक्ष सेवेची, आणि दोन्हींना धरून ठेवणारे खांब म्हणजे ठरलेल्या दिवशी एकत्र बसणे. फोनमुळे पहिली पट्टी स्वस्त झाली आहे. खांब मात्र आजही माणसांनाच रोवावे लागतात, म्हणून तयारी तिथून सुरू करा.

सगळ्यात आधी कॅलेंडर काढून बसा. आमचा पहिला वर्ग आम्ही नोव्हेंबरात सुरू केला होता. वहीत १४ नावे होती. तिसऱ्या बैठकीला ५ जण आले. बाकीचे नवरा-बायको जोडीने कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडावर गेले होते. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, त्यांनी कधीच घेतलेली होती, आणि आम्ही एकालाही विचारले नव्हते. ते शल्य अजून आहे. बीड, जालना, धाराशिव, परभणी यांपैकी कुठेही काम करणार असाल तर गावनिहाय विचारा की कोण कधी जातो आणि कधी परततो. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत येतात. जून पेरणीचा, सप्टेंबर-ऑक्टोबर सोयाबीन काढणीचा, पुढे कापसाची वेचणी. उरतात ते जुलै-ऑगस्ट, आणि एप्रिल-मेमधल्या संध्याकाळी. परभणी-नांदेडकडे तेव्हा पारा ४२ च्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत दुपारी कुणी बसू शकत नाही. रात्री आठला, अंगणात बसायचे असे ठरवा. जे फडावर जाणारच आहेत त्यांची नावे गाळू नका. एकाच टोळीतले दोघे-तिघे असतील तर त्यांचा गट तिकडेच, कोपीवर म्हणजे फडावरच्या झोपडीवर बसवायचा. धडे मेमरी कार्डात भरून जाण्याआधी हातात द्या आणि आठवड्यातून एकदा कोण फोन करणार हे नावासकट लिहून ठेवा.

मग गटप्रमुख. आठ-दहा जणांमागे एक हवा. चांगला बोलणारा सहज मिळतो. गप्प राहून ऐकणारा शोधावा लागतो, आणि तोच घ्या. त्याला दोन दिवस बसवून प्रश्न विचारायचा सराव द्या. धडा ऐकून झाल्यावर ‘समजले का?’ विचारले तर सगळे ‘हो पाळकसाहेब’ म्हणतात. ‘हेच तुमच्या शेजारच्या मावशींना कसे सांगाल, सांगून दाखवा’ म्हटले की खरे कळते. नांदेड-हिंगोलीकडच्या तांड्यांवर चर्चा गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, झाली तर होऊ द्या, देगलूर-बिलोलीकडे तेलुगूत. धडा मराठीत असला तरी प्रार्थना माणूस घरच्या भाषेत करतो.

मंडळीतल्या बहिणींसाठी वेगळा विचार करावा लागतो. घरात स्मार्टफोन एकच असतो आणि तो दिवसभर नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या खिशात असतो. नावनोंदणी करताना ‘फोन आहे का’ एवढेच विचारून थांबू नका; तो घरी किती वाजता असतो हे विचारा. ज्यांना मिळणार नाही त्यांच्यासाठी मेमरी कार्ड चालणारा बटणाचा फोन किंवा छोटा स्पीकर गटाच्या पैशातून घ्या. तो बहिणींच्याच ताब्यात राहील हे घरच्या वडीलमाणसांसमोर बोलून घ्या.

धडे आवाजातच करा, हे माझे ठाम मत आहे. व्हिडिओचा मोह सगळ्यांना होतो. वीस मिनिटांचे बोलणे ६४ केबीपीएसच्या मोनो एमपीथ्रीत साडेनऊ एमबीच्या आसपास बसते. तेवढाच व्हिडिओ सहज दीडशे-दोनशे एमबी घेतो, आणि बराच डेटा त्यातच जातो. शिवाय आवाज ऐकता ऐकता हात मोकळे राहतात. गेवराईकडच्या एका वस्तीवर मी एका मावशींना बघितले. फोन त्यांनी स्टीलच्या तांब्यात उभा ठेवला होता, आवाज घुमून मोठा यावा म्हणून. एकीकडे भाकरी थापत होत्या आणि मध्येच पिठाच्या हाताने सुनेला खूण करून सांगत होत्या, ‘थांबव गं, हे परत लाव.’ त्यांना लिहिता येत नव्हते. पुढच्या बैठकीत त्यांनी पेरणाऱ्याचा दाखला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला: वाटेवर पडलेले बी, खडकाळीवरचे, काट्यांतले, आणि चांगल्या जमिनीत तीसपट, साठपट, शंभरपट आलेले. खडकाळ म्हणजे मुरमाड माळ, हे त्यांनीच बाकीच्यांना सांगितले.

म्हणून धडा आठ-दहा मिनिटांचाच ठेवा, एका धड्यात एकच गोष्ट, आणि उदाहरणे इथली. मार्ककृत शुभवर्तमानापासून सुरुवात बरी पडते. सोळाच अध्याय आहेत आणि प्रसंग भराभर पुढे जातात. शेवटी दोन प्रश्न आणि आठवड्यात करायचे एक काम द्या, जसे की एका आजाऱ्याला भेटून प्रार्थना करणे. रेकॉर्डिंगला स्टुडिओ लागत नाही. गोधड्या रचलेली खोली बघा, पंखा बंद करा, शेजारची पाण्याची मोटर कधी चालू होते ते विचारून घ्या. पत्र्याखाली पावसात रेकॉर्ड करू नका. बोलणारा याच भागातला असावा. पुस्तकी मराठी ऐकली की लोक उपदेश सुरू झाला असे समजून मान डोलवत बसतात.

लेखी नोट्स असतील तर आधी युनिकोडमध्ये आणा, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठी नीट दिसते त्या टायपिंगमध्ये. बऱ्याच संस्थांकडे जुने साहित्य श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले आहे. तशी वर्ड फाइल फोनवर उघडली की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हांच्या ओळी दिसतात, आणि वाचणाऱ्याला वाटते की आपल्यालाच येत नाही. त्या भावनेने माणूस वर्ग सोडतो. प्रत्येक फाइल सगळ्यात स्वस्त फोनवर स्वतः उघडून बघा.

सामानाबद्दल थोडक्यात. पंधरा लोकांपर्यंत मेमरी कार्ड पुरे. एका ३२ जीबी कार्डात वर्षाचे धडे बसून जागा उरते. तीन-चार केंद्रे झाली, धड्यांसोबत चाचण्या आणि कोण कुठवर आले याची नोंद हवी झाली, तर लर्निंग इक्वालिटी या संस्थेचे कोलिब्री हे मोफत सॉफ्टवेअर रास्पबेरी पायवर चढवा. तो छोटा संगणक स्वतःचा वाय-फाय देतो, इंटरनेट लागत नाही. वीस हजार एमएएचच्या पॉवर बँकेवर बैठकीची पूर्ण संध्याकाळ सहज निघते. पण ‘रास्पबेरी पाय ४’ या मॉडेलला ५ व्होल्टवर ३ अँपिअरपर्यंत लागतात. साध्या चार्जरवर तो पुनःपुन्हा बंद-चालू होतो, हे आधीच तपासा. वळवाच्या पावसात तारा तुटल्या की वीज दोन-दोन दिवस येत नाही, तेव्हा चार्ज केलेली दुसरी पॉवर बँक घरी ठेवून निघू नका.

परवानग्या लेखी घ्या. मराठी बायबलचा मजकूर वापरायचा तर ज्या आवृत्तीतून घेणार तिच्या प्रकाशकाची, बहुधा बायबल सोसायटी ऑफ इंडियाची, परवानगी लागते. मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक १९१९ मध्ये वारले, म्हणून त्यांच्या भजनांचे शब्द खुले आहेत. पण एखाद्या गायकाचे आजचे रेकॉर्डिंग खुले नसते. तुमच्याच मंडळीच्या पेटी-ढोलकीवर गाऊन घ्या. लोकांना आपला आवाज ऐकून आनंद होतो.

शिकणाऱ्यांची यादी कागदावर, एकाच जबाबदार माणसाकडे राहू द्या. कुणाच्या घरातल्या प्रार्थनेचे फोटो, नावे, गावे व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. तो फोटो कुठे कुठे जाईल यावर आपला ताबा राहत नाही, आणि त्रास त्या घराला होतो. हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा.

सुरू करण्याआधी एक धडा एकाच वस्तीवर चालवून बघा. फोन बंद करून कितीजण तो पुन्हा सांगू शकतात ते मोजा. निम्म्यांना जमले नाही तर धडा बदला, माणसे बदलू नका.

आदल्या रात्री पिशवी भरताना: कार्ड रीडर, भरलेली दोन जादा कार्डे, तीन तऱ्हेच्या पिनांच्या वायरी, एक्स्टेन्शन बोर्ड, स्पीकर, हजेरीची वही, छापलेले प्रश्न मोठ्या अक्षरांत. आणि जवळचे वाचायचे चष्मे, दीड, दोन आणि अडीच नंबरचे, प्रत्येकी दोन. चाळिशी ओलांडलेली आमच्या मंडळीतली तीन वडीलमाणसे कितीतरी बैठका ‘नंतर वाचतो’ म्हणत होती. चष्मा डोळ्यांवर चढवला त्या रात्री त्यातले एक जण मार्कचा चौथा अध्याय बोट ठेवून, एकेक शब्द मोठ्याने वाचत उशिरापर्यंत अंगणात बसले होते.