‘मुद्दल सुटू दे, मग विकतो’: तोट्यातला शेअर सांभाळताना या चुका टाळा

सांगलीत एका सब-ब्रोकरच्या ऑफिसात मी चौदा वर्षं टर्मिनलवर बसलो. तेव्हा लोक पायऱ्या चढून विचारायला यायचे, आता स्क्रीनशॉट पाठवतात. त्यात एक ओळ लालभडक, उणे ६२ टक्के, आणि खाली तोच प्रश्न: ‘‘ठेवू का विकू?’’ मी उलट विचारतो, ‘‘घेतला कशासाठी होता?’’ यावर बराच वेळ ‘टायपिंग...’ दिसत राहतं आणि मग उत्तर येतं, ‘‘मेव्हण्याने सांगितलं होतं.’’ मेव्हण्याने स्वतःचे कधीच विकलेले असतात, ते वेगळंच.

मुद्दल सुटायची वाट बघणं

सगळ्यात जुनी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक ही. शेअर १८४ ला घेतला आणि १२० झाला की माणूस कंपनीकडे बघायचं सोडून १८४ कडे बघत बसतो. हा १८४ चा आकडा तुम्हाला आणि तुमच्या डिमॅटला सोडून कोणालाही ठाऊक नसतो. पलीकडे घेणारा बसलाय त्याला तुमच्या खरेदीभावाशी काय देणंघेणं?

हे मी फी भरून शिकलोय. २०१८ साली रस्तेबांधणीतल्या एका कंपनीचे ३०० शेअर मी १८४ रुपयांनी घेतले. ५५,२०० रुपये, स्कूटरसाठी साठवलेले. दिवाळीपर्यंत भाव १२० झाला. घरी सांगितलं नाही. जानेवारीत कसल्याशा कंत्राटाची बातमी आली आणि भाव चढत चढत १७१ वर गेला. शेजारच्या खुर्चीवरचे अण्णा म्हणाले, ‘‘काढून टाक रे, परत असा भाव मिळायचा नाही.’’ मी ऐकलं नाही. रोज सकाळी सव्वानऊला १८४ ची विक्रीची ऑर्डर टाकायची, साडेतीनला ती आपोआप रद्द व्हायची. असे अकरा दिवस, तेरा रुपयांसाठी.

बाराव्या दिवशी लेखापरीक्षकाने राजीनामा दिल्याची सूचना एक्स्चेंजवर आली आणि लोअर सर्किट सुरू झालं, म्हणजे एका दिवसात भाव जास्तीत जास्त जेवढा पडू शकतो तेवढा पडून अडकतो. ज्यांनी ते पडद्यावर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. विकणाऱ्यांच्या रकान्यात लाखांतला आकडा असतो आणि घेणाऱ्यांच्या रकान्यात पाचही ओळी कोऱ्या. तुमची ऑर्डर त्या लाखांच्या रांगेत मागे कुठेतरी उभी. दुसऱ्या दिवशी आणखी पाच टक्के खाली, तीच रांग. मधे दोनदा सर्किट उघडलं, तेव्हा सुटता आलं असतं. तेव्हा मी म्हणत होतो, ‘आता एवढा पडलाय तर आणखी किती पडणार?’

शेवटी २२ रुपये ४० पैशांनी विकला. हातात ६,७२० रुपये. १७१ ला विकला असता तर ३,९०० चा तोटा होता, म्हणजे ते ३,९०० वाचवायला मी ४४,५८० आणखी घालवले. स्कूटर पुढच्या वर्षी हप्त्यावर घेतली.

तेव्हापासूनची माझी सवय सांगतो. होल्डिंगचं पान उघडलं की सरासरी भावाचा आणि नफातोट्याचा असे दोन्ही रकाने जुन्या व्हिजिटिंग कार्डाने झाकायचे. उरतं ते कंपनीचं नाव, शेअरची संख्या आणि आजची किंमत. मग स्वतःला विचारायचं की एवढी रक्कम आज रोख खिशात असती तर हाच शेअर याच भावाने घेतला असता का? चहा संपेपर्यंत ‘हो’ आलं नाही तर विकायचा. कोणी याला अडाणीपणा म्हणेल. म्हणू दे.

जाता जाता एक हिशेब, कारण टक्क्यांत लोक फसतात. ५० टक्के पडलेला शेअर खरेदीभावाला यायला दुप्पट व्हावा लागतो. ८० टक्के पडलेला पाचपट. ९० टक्के पडलेला दहापट. दहापट होणारी कंपनीच शोधायची असेल तर ती नेमकी याच गाळातली का असावी?

अ‍ॅव्हरेज करत सुटणं

आमच्याकडे एक निवृत्त मास्तर यायचे. गणिताचे. धोतर, छत्री, आणि पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने मांडलेला हिशेब. २५० रुपयांनी ४०० शेअर घेतले होते, बरोबर एक लाखाचे. भाव १६० झाला, आणखी ४०० घेतले. ९० झाला, ८०० घेतले. ३५ झाला तेव्हा प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशातून २,००० घेतले आणि कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाले, ‘‘बघ, सरासरी अडीचशेवरून पंच्याऐंशीवर आणली. आता नुसता पंच्याऐंशी येऊ दे.’’

गणित अचूक होतं. ३,६०० शेअर, ३,०६,००० रुपये, सरासरी ८५. चूक कागदाच्या बाहेर होती. कंपनीवरचं कर्ज दर तिमाहीला वाढत होतं, प्रवर्तकाचे, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकाचे, शेअर गहाण पडत चालले होते आणि पतमानांकन दोनदा खाली आलं होतं. मास्तरांनी यातलं काही बघितलं नव्हतं. मी बघितलं होतं. ‘मास्तर, थांबा’ म्हणायची माझी हिंमत झाली नाही, आणि ऑर्डर टाकली की दलाली मिळते हेही खरंच. भाव ६ वर आला. पहिले ४०० धरून गप्प बसले असते तर ९७,६०० गेले असते. अ‍ॅव्हरेज करून २,८४,४०० गेले. नंतर ते ऑफिसात यायचे बंद झाले. बाजारात दिसले तर मीच रस्ता बदलायचो.

सरासरी खाली आल्याने तोटा एक रुपयानेही कमी होत नाही. त्याच कंपनीत आणखी पैसे अडकतात, एवढंच. पडत्या भावात घेऊच नये असं मी म्हणत नाही, मी स्वतः घेतो. पण माझी अट अशी की नव्याने घ्यायला नवं कारण लागतं, आणि ते एका ओळीत वहीत लिहिता आलं पाहिजे. ‘स्वस्त झालाय’ हे कारण चालत नाही. एकदाच अ‍ॅव्हरेज करायचं, दुसऱ्यांदा नाही. आणि फंड, ग्रॅच्युइटी, मुलीच्या लग्नाचे पैसे यांना तर अजिबात हात लावायचा नाही.

‘सुझलॉन बघा की!’

हे ऐकवलं गेलं नाही असा महिना जात नाही. कंपनी पवनचक्क्यांची, त्यातून पुण्याची, त्यामुळे आपल्याकडे जरा जास्तच. ठीक, बघू. २००८ च्या जानेवारीत सुझलॉनचा भाव चारशेच्या वर होता. २०२० च्या मार्चमध्ये तो दोन रुपयांच्या आसपास आला. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये ऐंशीच्या वर गेला. दोनला घेणाऱ्याचं सोनं झालं, कबूल. पण आपला विषय चारशेला घेऊन बसलेल्या माणसाचा आहे, आणि तो सोळा वर्षं थांबून, इतक्या मोठ्या तेजीनंतरही ८० टक्के तोट्यातच होता.

शिवाय तो शेअर वर आला तो कोणी श्रद्धेने धरून बसल्यामुळे आला नाही. कर्जाची फेररचना झाली, २०२२ मध्ये पाच रुपयांनी १,२०० कोटींचा राइट्स इश्यू (आधीच्याच भागधारकांना नवे शेअर विकणं) आला, नंतर आणखी भांडवल उभं राहिलं आणि कर्जाचं ओझं उतरलं. तुमच्या शेअरच्या बाबतीत असं काही घडताना दिसतंय का, ते सांगा. दिसत असेल तर ठेवा, मी वाद घालणार नाही.

‘शून्य थोडाच होणार?’

होतो. डीएचएफएल या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीचं २०२१ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेतून हस्तांतर झालं तेव्हा जुन्या भागधारकांच्या वाट्याला शून्य आलं. कंपनीचा धंदा चालू राहिला, शेअर मेला. कर्जबुडव्या कंपनीत आधी कर्ज देणाऱ्यांची पंगत बसते, भागधारक सगळ्यात शेवटी. तोपर्यंत पातेल्यात काही उरत नाही. ‘मोठा उद्योगसमूह कंपनी विकत घेतोय’ ही बातमी वाचून नाचणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं.

‘कधीही विकता येईल’ हाही भ्रमच. मार्च २०२० मध्ये येस बँकेच्या पुनर्रचनेत शंभरपेक्षा जास्त शेअर असलेल्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले. ज्यांना विकायचं होतं त्यांनाही विकता येईना.

उलटी चूक: सगळा बाजार पडतोय म्हणून विकणं

हेही सांगायला हवं, नाहीतर हा लेख वाचून कोणीतरी उद्या सकाळी सगळंच विकून मोकळा होईल. २३ मार्च २०२० ला निफ्टी, म्हणजे बाजाराचा निर्देशांक, ७,६१० वर बंद झाला. त्या आठवड्यात घाबरून चांगल्या बँका आणि औषध कंपन्या विकलेले लोक मी पाहिलेत. वर्षभरात निफ्टी जवळजवळ दुप्पट झाला. म्हणून तोटा बघताना आधी एवढंच पाहायचं की सगळा बाजार पडलाय, त्या क्षेत्रातल्या सगळ्याच कंपन्या पडल्यात, की आपलाच एकटा पडलाय. एकटा पडला असेल तर कोणाला तरी आपल्याला न कळलेलं काहीतरी कळलेलं असतं.

बाकीच्या, थोडक्यात

बोनस (फुकट मिळणारे जादा शेअर) किंवा स्प्लिटनंतर (एका शेअरचे अनेक शेअर करणं) भाव अर्धा दिसला म्हणून घाबरून विकणं. नवे शेअर डिमॅटमध्ये यायला काही दिवस लागू शकतात. आधी एक्स्चेंजच्या सूचना वाचा.

नफ्यातला शेअर विकून तोट्यातल्यात भर घालणं. यावर मी काही बोलत नाही.

टेलिग्रामवरच्या ‘सरांना’ विचारणं. ज्याने घ्यायला लावलं तो विका कसं म्हणेल?

तिमाही निकालाआधी नवस बोलून थांबणं. निकाल लागल्यावर पुढच्या तिमाहीचा नवस तयारच असतो.

अ‍ॅप काढून टाकणं. ‘बघायलाच नको.’ हे करणारे बरेच आहेत, त्यात शिकलेलेच जास्त.

मी स्वतः दर तिमाहीला लाल ओळीतल्या प्रत्येक कंपनीच्या चारच गोष्टी बघतो: प्रवर्तकांचे किती शेअर गहाण आहेत, कर्ज वाढलंय का, धंद्यातून खरोखर रोख पैसा येतोय का, आणि लेखापरीक्षक किंवा वित्तप्रमुख मुदतीआधी निघून गेलाय का. चारांतल्या दोन बिघडल्या की मी आणखी वाट बघत नाही. मन होत नसेल तर निम्मे विकतो. निम्मे विकल्यावर उरलेल्या निम्म्यांबद्दल डोकं बरंच ताळ्यावर येतं, हा माझा अनुभव.

करातला तोटा वाया घालवणं

हे मार्चमध्ये आठवतं, आठवायला हवं डिसेंबरात. बारा महिन्यांच्या आत विकलेल्या शेअरचा तोटा अल्पकालीन आणि दीर्घकालीन अशा दोन्ही भांडवली नफ्यांतून वजा होतो. बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्याचा फक्त दीर्घकालीन नफ्यातून. उरलेला तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरलं असेल तरच. ‘अकरा महिने झालेत, अजून दोन थांबतो’ म्हणणाऱ्याला यामुळेच मी विचारतो, कशासाठी? तोट्यातल्या माणसाला तेरावा महिना लागला की उलट सवलत कमी होते.

आणि विकायचं ते व्यवहार चालू आहेत तोवर. ऑफिसातल्या जुन्या खात्यांत अशा कंपन्या पडून आहेत ज्यांचे व्यवहार कधीच बंद झाले. विकायला बाजार नाही, त्यामुळे तोटाही दाखवता येईना. मास्तरांचे ३,६०० त्यातच आहेत. मध्यंतरी त्यांचा मुलगा वारसाचे कागद घेऊन आला होता, त्याने विचारलं, ‘‘याचं आता काय होईल?’’ मी त्याला शेअर वारसाच्या नावावर करायचा, ट्रान्समिशनचा फॉर्म दिला आणि सही कुठे करायची ते दाखवलं.