मागच्या खोलीला जमिनीखालून लाईन नेताय? या चुका टाळा

नागपुरात बेसा, मानेवाडा, हुडकेश्वर, नाहीतर वाडी-हिंगणा साईडला प्लॉट जरा ऐसपैस, त्यामुळे घरामागे एखादी खोली, गाडीची शेड, बोअरची मोटर, कोणाकडे गोठा असतोच, आणि तिथपर्यंत लाईन न्यायची म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात, केबल कोणती घेऊ आणि मीटरचा भाव काय. केबल चांगलीच पाहिजे, त्यात वाद नाही, पण जमिनीखालची लाईन मधे सहसा बिघडत नाही, ती बिघडते दोन टोकांना आणि जॉइंटमध्ये, आणि आपण काटकसर नेमकी तिथंच करतो.

तरी केबलचं आधी सांगून टाकतो. घरातल्या वायरिंगची साधी सिंगल वायर, म्हणजे आयएस 694 (आयएस म्हणजे भारतीय मानक) छापलेली, भिंतीतल्या पांढऱ्या पाईपात घालून मातीत पुरून देतात, वर म्हणतात पाईपात आहे ना भाऊ, काय होते! होते ना. काळ्या मातीनं तो पातळ पाईप एकदोन पावसाळ्यात तडकतो, नाही तडकला तरी दमट हवेचं पाणी आत साचतंच, आणि ती वायर कायम पाण्यात बसायला बनवलेलीच नाही. जमिनीत थेट जाते ती आर्मर्ड केबल, म्हणजे आत लोखंडी तारांचं कवच असलेली, वर आयएस 7098 किंवा आयएस 1554 छापलेलं बघून घ्या. ते कवच कुदळीचा एखादा घाव सोसतो आणि घुशीलाही आवरतो, ज्यांच्या अंगणात घूस आहे त्यांना हे सांगायची गरज नाही.

साईजमध्ये फसतात ते मोटरवाले. समजा अंतर 40 मीटर आहे आणि स्वस्त पडते म्हणून 2.5 स्क्वेअर एमएमची अॅल्युमिनियम केबल टाकली, तर जाणं-येणं मिळून तिचा रेझिस्टन्स जवळपास 1 ओहम होतो. 1 एचपीची सिंगल फेज मोटर चालू असताना 7 अँपिअरच्या आसपास घेते पण सुरू होताना पाच-सहा पट ओढते, 40 अँपिअर धरा, म्हणजे त्या क्षणी 40 व्होल्ट केबलमध्येच गेले. मे महिन्यात संध्याकाळी घरातच व्होल्टेज कमी, मग मोटर नुसती घुं करत बसते आणि लोक कॅपॅसिटर बदलत राहतात. इथे 6 ची कॉपर किंवा 10 ची अॅल्युमिनियम टाका, दोन्हींचा रेझिस्टन्स सारखाच असतो, आणि ड्रॉप 10 व्होल्टवर येतो. उलटी चूकही दिसते, केबल 2.5 ची आणि घराच्या बाजूला एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, 32 अँपिअरचा, कारण 16 चा वारंवार पडत होता. एमसीबी पडतो तो केबल वाचवायला पडतो, त्याला गप्प करून काय मिळते?

आता खोदकाम. आयएस 1255 प्रमाणे लो व्होल्टेज केबल 75 सेंटीमीटर खाली पाहिजे, म्हणजे अडीच फूट, आणि मजूर दीड फुटावर थांबतो कारण मे मध्ये आपली काळी माती दगड झालेली असते. शक्य असेल तर हे काम दिवाळीनंतर काढा, माती नरम असते आणि पाणीही साचत नाही. काढलेली ढेकळं जशीच्या तशी परत लोटू नका, खाली तीनेक इंच रेती, त्यावर केबल, परत रेती, मग विटांची ओळ, थोडं भरून झालं की लाल-पिवळी वॉर्निंग टेप, आणि वर माती. केबल ताणून सरळ टाकू नका, थोडी नागमोडी टाका, कारण काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, ताणलेली केबल मग टोकाकडून खेचली जाते आणि ग्लँडमधून, म्हणजे टोकाला केबल घट्ट धरणाऱ्या पितळी नटातून, सुटते. वळण पण एकदम काटकोनात नको, केबलच्या जाडीच्या 12 पट तरी गोलाई ठेवा. सीसीटीव्हीची किंवा इंटरनेटची वायर त्याच चरात शेजारी टाकायचा मोह होतो, फूटभर लांब ठेवा.

बेसा भागात एका घरी पहिला पाऊस झाला की आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळला की लाईन तोडणारा स्विच, पडायचा, दोन दिवस कडक ऊन पडलं की आपोआप ठीक. खणलं तर केबल मधे पाच फूट कमी पडली म्हणून जॉइंट मारलेला, नुसती काळी टेप, सहा-सात पदर. टेप सोलली तर आत ओल, तांब्यावर हिरवी बुरशी चढल्यासारखं आणि एका बाजूचं इन्सुलेशन भाजून काळं पडलेलं. टेपचा जॉइंट जमिनीत चालत नाही, कितीही पदर गुंडाळा. एक तर पूर्ण लांबीची केबल घ्या, दोन्ही टोकांना दीड-दोन मीटर जास्तीची धरून, आणि जोडणं भागच असेल तर हीट श्रिंक (तापवली की आवळून बसणारी नळी) किंवा रेझिनची (ओतून घट्ट होणाऱ्या रसायनाची) जॉइंट किट वापरा आणि ती जागा फोटोत मोजपट्टीसकट घेऊन ठेवा. काम अर्धवट असताना केबलची टोकं उघडी ठेवून जाऊ नका, एका रात्रीच्या पावसात पाणी तारांमधून आत चढतं आणि मग मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरचं रीडिंग, कमीच येत राहतो.

टोकांबद्दल अजून एक. आर्मर्ड केबल पत्र्याच्या शेडमध्ये भोक पाडून तशीच आत घेतात, ग्लँड नाही, लोखंडी तारा कापून मोकळ्या सोडलेल्या. मग त्या पत्र्याला घासत राहतात आणि अर्थिंग तर कुठेच जोडलेलं नसतं, म्हणजे पैसे आर्मरचे दिले आणि उपयोग शून्य. दोन्ही टोकांना पितळी ग्लँड, त्याखाली अर्थ टॅग (अर्थ वायर जोडायची चकती), तिथून वायर डीबीच्या, म्हणजे एमसीबी बसवलेल्या डब्याच्या, अर्थपट्टीला. अॅल्युमिनियमच्या तारा थेट एमसीबीत कसू नका, टोकाला थिंबल (धातूची टोपी) दाबून बसवा, नाहीतर तो स्क्रू ढिला होऊन तापतो आणि एक दिवस प्लास्टिक वितळल्याचा वास येतो.

आणि अर्थिंग. आपल्याकडे सगळ्यात जास्त धोका इथंच आहे, कारण मागच्या खोलीत उन्हाळ्यात हमखास असतो लोखंडी बॉडीचा कूलर, खाली पाणी, आणि पाणी टाकणारा माणूस अनवाणी. लोक म्हणतात खोलीजवळ वेगळा अर्थिंगचा खड्डा केला आहे, घरून अर्थ वायर कशाला आणायची. हिशेब बघा. त्या खड्ड्याचा रेझिस्टन्स 20 ओहम असला, आणि मे मध्ये सुकल्यावर त्याहून जास्तही जातो, तर कूलरच्या बॉडीत फेज आल्यावर 230 भागिले 20, साडेअकरा अँपिअर वाहतात. 16 चा एमसीबी त्याला जागचा हलत नाही आणि बॉडी जिवंत राहते. म्हणून घरापासून अर्थ आणायचाच, तीन कोअरची (आत तीन तारांची) केबल नाहीतर वेगळी वायर, आणि घराच्या डीबीत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. खड्डा केला असेल तर चांगलंच आहे, उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत जा, पण एकट्या त्याच्या भरवशावर राहू नका.

याहून वाईट म्हणजे न्यूट्रल तुटला की अर्थिंगच्या खड्ड्यातून न्यूट्रल घेणं. बल्ब लागतो, मोटर फिरते, सगळे खुश. पण आता त्या अर्थला जोडलेल्या प्रत्येक लोखंडी वस्तूत करंट येऊ शकतो, खड्डा सुकला की तर नक्कीच. आरसीसीबी असला की तो लगेच पडतो आणि मग वायरमनला बोलावून तोच बायपास करून घेतात, काय म्हणावं!

आता फॉल्ट शोधायचं. मेन बंद करून मगच हात लावा, आणि टेस्टरच्या लाल दिव्यावर विश्वास ठेवू नका, न्यूट्रल तुटलेला असेल तर तो न्यूट्रलमध्येही लागतो. डिजिटल मीटर तर लांब केबलच्या मेलेल्या तारेतही पन्नास-साठ व्होल्ट दाखवतो, लोक घाबरतात, तिथं होल्डरमध्ये जुना तारेचा बल्ब लावा, एलईडी नको, खरं असेल तर बल्ब पेटेल. बल्ब व्यवस्थित लागतो पण कूलर लावला की मंद होतो, म्हणजे कुठंतरी ढिला जॉइंट, आधी दोन्ही टोकांचे स्क्रू बघा.

मागच्या खोलीचा एमसीबी बंद केला तरी आरसीसीबी पडतोच आहे? मग बहुतेक न्यूट्रल अर्थला कुठेतरी टेकला आहे, कारण सिंगल पोल एमसीबी न्यूट्रल तोडतच नाही. म्हणूनच त्या लाईनला डबल पोल एमसीबी घ्यावा, शोधणं सोपं जातं. नंतर दोन्ही टोकं मोकळी करायची, फेज आणि न्यूट्रल दोन्ही, आणि 500 व्होल्टच्या मेगरनं फेज-न्यूट्रल, फेज-आर्मर, न्यूट्रल-आर्मर बघायचं. 1 मेगाओहमच्या खाली असेल तर ती लाईन चालू करायची नाही. नवीन केबल शेकडोत दाखवते, म्हणून नवीन केबलवर पाच-सात दिसले तर ते पास समजू नका, टोकं उघडून बघा. आणि हा मेगर चर भरायच्या आधी एकदा आणि भरल्यावर लगेच एकदा मारून घ्या, विटा ठेवताना केबलला मार लागला असेल तर तेव्हाच कळतं.

हे काम लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्या आणि टेस्ट रिपोर्ट मागा. मागच्या खोलीत पिठाची चक्की, वेल्डिंग असं काही धंद्याचं टाकणार असाल तर घरगुती मीटरवरून ओढू नका, वीज कायद्याच्या कलम 126 मध्ये दुप्पट दरानं वसुली होऊ शकते, महावितरणकडे वेगळं कनेक्शन मागा.

जुन्या लाईनचं काय करायचं? एक जॉइंट निघाला, तो नीट किटनं बांधला, मेगर चांगला आला, तर चालू द्या. पण पुढच्या पावसात दुसऱ्या जागी परत तेच झालं तर खणत बसू नका, मजुरी केबलच्या वर जाते, सरळ नवीन केबल टाका आणि जुनी दोन्ही टोकांनी तोडून मोकळी करा, अर्धी जोडलेली ठेवू नका.