हिरव्या बाटलीची पारख

खरीप तोंडावर आला की विदर्भातील कृषी केंद्रांच्या फळ्यांवर पानाफुलांची चित्रे असलेल्या पीक-औषधांच्या बाटल्या दाटीने उभ्या राहतात. त्यांवरील ‘जैविक’, ‘पर्यावरणस्नेही’ या शब्दांसाठी पैसे मोजण्यापूर्वी थोडी पारख करावी.

प्रथम रंगाचा मोह सोडावा. कीटकनाशकाच्या लेबलवरील हिरवा त्रिकोण ही सेंद्रियतेची खूण नव्हे. लाल, पिवळा, निळा आणि हिरवा या उतरत्या क्रमात तो विषारीपणाची सर्वांत खालची पायरी तेवढी दाखवतो. त्यानंतर घटक वाचावेत. निंबोळीयुक्त कीटकनाशकावर ॲझाडिरॅक्टिन या निंबोळीतील मुख्य कीडरोधक घटकाचे प्रमाण (उदाहरणार्थ ०.०३ टक्के, म्हणजे ३०० पीपीएम, दशलक्षात ३०० भाग) आणि १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील नोंदणी क्रमांक असावा. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ हे काही प्रमाण नव्हे. पिकाच्या वाढीला चालना देणारी जैवउत्तेजके २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली असून त्यांत कीटकनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमपेक्षा अधिक चालत नाही.

खरी परीक्षा मात्र वावरात होते. म्हणून आधी पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) चार ओळींवरच फवारून पाहावे. निंबोळी किडीची भूक मारते आणि तिच्या कात टाकण्यात अडथळा आणते, त्यामुळे परिणाम दिसायला काही दिवस लागतात. दुसऱ्याच दिवशी अळ्यांचा सडा पडला, तर आनंदाआधी रासायनिक भेसळीची शंका घ्यावी. विदर्भाच्या उन्हात टिकणारी बिव्हेरिया ही कीड मारणारी बुरशी शोधण्यासाठी एखाद्या कंपनीने वर्षे खर्ची घातली, तरी तिची संथ बाटली या झटपट बाटलीपुढे विक्रीत हरते. आणि भेसळ उघड झाली की ‘जैविक सारे खोटेच’ या रागात तीच प्रामाणिक कंपनी पुन्हा भरडली जाते. अशा बाजारात संशोधनावर पैसा घालायला कोण धजावेल?

कंपनीच्या प्रतिनिधीने पेटंटचे नाव घेतल्यास ते मंजूर झाले आहे की केवळ अर्ज केला आहे, हे विचारावे. अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतोच, तो मंजुरीचा पुरावा नसतो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची शिफारस असल्याचे सांगितले, तर लेखी अहवाल मागावा.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ऑक्टोबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पर्यावरणविषयक दाव्याला पुरावा लागतो. फसव्या जाहिरातीची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते. भेसळीची शंका असल्यास बॅच क्रमांक असलेले पक्के बिल घेऊन तालुका कृषी कार्यालयात लगेच जावे, कारण फोडलेल्या बाटलीतील नमुन्याला फारसा अर्थ नसतो आणि त्याच बॅचचा सीलबंद माल दुकानात असेपर्यंतच निरीक्षकाला योग्य नमुना घेता येतो.