जुनं फर्निचर विकत घेताना: आधी खण बाहेर काढा

जुनं कपाट पाहायला गेल्यावर बहुतेक जण दोन पावलं मागे सरून ते लांबून न्याहाळतात. खरं तर गुडघ्यावर बसून ते खालून बघायला हवं. कपाटाच्या दर्शनी भागावर पॉलिशवाला, दुरुस्ती करणारा आणि विकणारा अशा तिघांचे हात फिरलेले असतात. पाठीमागच्या फळ्या, खणाचा तळ, टेबलाची खालची बाजू यांच्याकडे मात्र सहसा कुणी लक्ष देत नाही, आणि वय तिथेच दिसतं.

हे मी पैसे मोजून शिकले. 'शंभर वर्षांपूर्वीचं' म्हणून एक लिहायचं टेबल घेतलं. घरी आल्यावर सहज खण पूर्ण बाहेर ओढला, तर आत चौफुलीच्या खाचेचे स्क्रू! हे फिलिप्स स्क्रू १९३०च्या दशकात बाजारात आले. नंतरच्या दुरुस्तीत एखादा स्क्रू बदलला गेला असेल तर समजू शकतं, पण इथे सगळेच तसे होते आणि एकाही जुन्या भोकाची खूण नव्हती. दुकानात दहा सेकंद खर्च केले असते तर हे तिथेच कळलं असतं.

सोबत काय न्यायचं

विजेरी, भिंग, मोजपट्टी, छोटं लोहचुंबक आणि मळले तरी चालतील असे कपडे. सोबत कुणीतरी असेल तर जड वस्तू उलटी करायला मदत होते.

सांधे, खिळे आणि करवतीचे ओरखडे

सुरुवात खणापासून करा. खण पूर्ण बाहेर काढून त्याचे कोपरे बघा. दोन फळ्या एकमेकींत अडकवणारा पारव्याच्या शेपटीसारखा सांधा म्हणजे डव्हटेल. हाताने कापलेल्या डव्हटेलमध्ये दाते संख्येने कमी आणि थोडे कमीजास्त रुंदीचे असतात. सुताराने मापासाठी ओढलेली बारीक रेघही अनेकदा तशीच राहिलेली असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रं आली आणि दाते एकसारखे झाले. अमेरिकी फर्निचरमध्ये कधी कधी अर्धगोल नक्षीत गोल खुंटी बसवलेला सांधा सापडतो. तो साधारण १८७० ते १९०० या काळातला असतो, त्यामुळे तो दिसला की तारीख जवळजवळ हातात येते.

मग खणाचा तळ चाचपा. हाताच्या रंध्याने तासलेल्या फळीवर बोटं फिरवली तर हलके उंचसखल पट्टे लागतात. न तासलेल्या पाठफळीवर करवतीच्या खुणा राहतात. हाताने ओढलेल्या करवतीच्या रेघा सरळ, पण अंतराने अनियमित असतात. चक्राकार करवतीच्या रेघा कमानीसारख्या वळलेल्या दिसतात. असे कमानदार ओरखडे असलेलं कपाट अठराव्या शतकातलं आहे असं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवायला मी तयार नसते.

खिळ्यांचीही भाषा असते. लोहाराने घडवलेला खिळा चौकोनी, चारही बाजूंनी निमुळता होत गेलेला असतो आणि त्याच्या डोक्यावर हातोडीचे पैलू दिसतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस पत्र्यातून कापलेले चपटे खिळे आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तारेचे गोल खिळे सर्रास झाले. हाताने बनवलेल्या स्क्रूची खाच अनेकदा मध्यापासून सरकलेली असते आणि टोक बोथट असतं. टोकदार स्क्रू १८४०च्या दशकानंतरचे.

एका खुणेवर निकाल मात्र देऊ नका. जुने खिळे नव्या लाकडात ठोकता येतात आणि नवे खिळे जुन्या लाकडात. सांधा, खिळा, करवत आणि झीज हे चारही साक्षीदार एकच काळ सांगताहेत का, ते बघायचं.

लाकूड आकसतं, आणि ते खोटं बोलत नाही

मला सर्वांत आवडणारी चाचणी मोजपट्टीची. लाकूड तंतूंच्या लांबीत जवळजवळ आकसत नाही, तंतूंना आडवं मात्र आकसतं. त्यामुळे भरीव लाकडाचं जुनं गोल टेबल काळानुसार किंचित लंबगोल होतं. तंतूंच्या दिशेने एकदा व्यास मोजा, मग आडवा मोजा. काही मिलिमीटरचा फरक निघाला तर बरं लक्षण. दोन्ही मापं तंतोतंत सारखी आली तर जरा थांबा. प्लायवूडवर ही युक्ती चालत नाही, म्हणून फळीची कड आधी तपासा.

झीज कुठे आहे हेही विचारा. खण पिढ्यान्‌पिढ्या उघडला-मिटला असेल तर त्याच्या बाजूंच्या खालच्या कडा झिजतात आणि ज्या पट्टीवर तो सरकतो तिथे खाचा पडतात. खुर्चीच्या मागच्या पायांची टोकं, दांड्यावर पाय टेकायची जागा, हाताचा तळवा पडतो ती जागा, झीज अशाच ठिकाणी हवी. जिथे हात पोहोचतच नाही तिथे कडा गोलावलेल्या असतील, तर ते काम कुणाच्या तरी सॅंडपेपरचं आहे. खणांची आतली बाजू पूर्वी बहुधा पॉलिशशिवायच ठेवत. ती सगळीकडून एकसारखी गडद तपकिरी असेल तर रंग फासला असण्याची शक्यता मोठी.

कीड लागल्याची छिद्रं म्हणजे जुनेपणाचा दाखला, असा एक गोड गैरसमज आहे. भुंगेरा लाकडातून सरळ बाहेर पडतो, म्हणून पृष्ठभागावर फक्त एक-दोन मिलिमीटरचं गोल छिद्र दिसायला हवं. पृष्ठभागावर लांबच लांब उघडे बोगदे दिसले तर लाकूड कीड लागल्यानंतर कापलेलं आहे. म्हणजे जुन्या तुळईतून नवं टेबल! छिद्रापाशी ताजी पिठासारखी भुकटी असेल तर कीड अजून जिवंत आहे.

व्यापारात 'लग्न लावलेली' वस्तू म्हणतात, म्हणजे एकाचा वरचा भाग आणि दुसऱ्याचा खालचा. पुस्तकांच्या कपाटाखाली भलत्याच टेबलाचे खण असतात. दोन्ही भागांच्या पाठफळ्या, सांधे आणि लाकडाचा रंग जुळतो का ते बघा. पाठ कधी लपवत नाही.

शोभेच्या वस्तू

पोर्सिलेन उलटं करून तळाची खूण बघतात सगळेच, पण खूण ही सर्वांत सोपी नक्कल. जर्मनीतल्या माइसेन कारखान्याच्या (स्थापना १७१०) निळ्या आडव्या-तिडव्या तलवारी कितीतरी कारखान्यांनी उचलल्या. अस्सल माइसेनमध्येही तलवारींवर आडवी कोरलेली रेघ असेल तर तो कारखान्याने दोषयुक्त ठरवलेला माल असतो, आणि त्याची किंमत उतरते. वस्तूवर देशाचं नाव छापलेलं असेल तर ती बहुधा १८९१ नंतरची, कारण त्या वर्षापासून अमेरिकेत आयात होणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव घालणं बंधनकारक झालं. ब्रिटिश वस्तूंवरची हिऱ्याच्या आकाराची नोंदणी-खूण १८४२ ते १८८३ मधली. ती नक्षी कधी नोंदवली हे सांगते; वस्तू त्यानंतर कित्येक वर्षं बनत राहिलेली असू शकते.

चांदीच्या ब्रिटिश भांड्यावर चालणारा सिंह असेल तर ती ९२५ शुद्धतेची स्टर्लिंग चांदी. 'ईपीएनएस' अशी अक्षरं म्हणजे निकेलमिश्रित धातूवर विजेने दिलेला मुलामा, आणि ते तंत्र १८४०च्या पेटंटनंतर पसरलं. कडांवर किंवा उठावाच्या जागी पिवळट-राखाडी धातू डोकावतोय का ते भिंगातून बघा.

कांस्याचा म्हणून विकला जाणारा पुतळा अनेकदा जस्ताच्या मिश्रधातूचा असतो. वजन हातात घेऊन बघा. तळाच्या कोपऱ्यात, परवानगी घेऊन, हलकासा ओरखडा काढला तर कांस्य सोनेरी दिसतं आणि जस्त राखाडी. लोहचुंबक चिकटलं तर वस्तू लोखंडाची आहे किंवा तिच्या आत लोखंड आहे.

किंमत ठरवताना

एकाच वस्तूच्या तीन किमती असू शकतात: विम्यासाठीची, दुकानातली आणि लिलावातली. विम्याची आकडेवारी सर्वांत फुगलेली असते, कारण ती तशीच वस्तू तातडीने नव्याने शोधायच्या खर्चावर बेतलेली असते. त्यामुळे विक्रेत्याने विम्याचा कागद पुढे केला तर हसून बाजूला ठेवा. मागितलेल्या किमतीही बघू नका, लिलावात प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचे आकडे शोधा.

वय म्हणजे किंमत नव्हे. मोठमोठी गडद लाकडी कपाटं गेल्या दोन-अडीच दशकांत पाश्चात्त्य बाजारात बरीच घसरली, कारण लहान घरांत ती मावत नाहीत. जुनं पॉलिश मात्र जपा. लाखेच्या पॉलिशवर काळाने चढलेली झळाळी खरवडून काढली तर तीच वस्तू कमी भावात जाते. मुठी बदललेल्या आहेत का हे खणाच्या दर्शनी फळीच्या आतल्या बाजूने बघा. बुजवलेली जादा भोकं तिथे सापडतात. मुठी बदललेल्या असल्या तरी घ्यायला हरकत नाही, भाव तेवढा खाली आणा.

घेताना

लिलावाच्या कॅटलॉगमधले शब्द काळजीपूर्वक वाचा. 'जॉर्जियन' (म्हणजे ब्रिटनच्या पहिल्या चार जॉर्ज राजांच्या काळातलं) आणि 'जॉर्जियन शैलीतील' यांत शंभर-दीडशे वर्षांचं अंतर असू शकतं. हातोडी पडते त्या रकमेवर खरेदीदाराचं कमिशन आणि बहुधा कर चढतो, वर वाहतूक आणि दुरुस्ती. हे सगळं आधी मांडा, त्यातून बोलीची कमाल रक्कम काढा आणि ती कागदावर लिहून खिशात ठेवा. खोलीतली गर्मी वाढली की डोकं काम करत नाही, हा माझा अनुभव.

हस्तिदंत, कासवाचं कवच किंवा ब्राझीलचं रोजवूड असेल तर आणखी एक अडचण आहे. सायटीस या, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे त्यांच्या व्यापारावर आणि सीमेपलीकडे नेण्यावर कडक बंधनं आहेत, आणि वस्तू जुनी असली तरी कागदपत्रं लागतात. कागद नसतील तर मी अशी वस्तू सोडून देते, कितीही देखणी असली तरी.

पावतीवर वस्तूचं वर्णन, अंदाजे काळ आणि केलेली दुरुस्ती लिहून घ्या. 'जुनं टेबल, एक नग' या पावतीला अर्थ नाही.

घरी आल्यावर भुकटी दिसली होती ती वस्तू बाकी लाकडापासून महिनाभर तरी वेगळी ठेवा, खाली काळा कागद पसरा आणि नवी भुकटी पडते का ते पाहत राहा. दुरुस्तीला दिलीत तर सुताराला आधीच सांगा की काढलेले खिळे, स्क्रू आणि तुटक्या पट्ट्या फेकायच्या नाहीत. त्या पावतीसह एका लखोट्यात घालून खणाच्या तळाशी ठेवा. पुढे कधी तुम्ही ते विकायला काढलंत तर घेणारा खण उघडेल.