टाळेबंदीतील दुपार आणि लहान मुले

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा विदर्भात उन्हाळा तोंडावर होता आणि अंगणवाडी बंद असल्याने लहान मुले दिवसभर घरातच होती. अशा दिवसांत मुलांना सकाळी ऊन तापण्यापूर्वीच घरच्या अंगणात मनसोक्त खेळू द्यावे, म्हणजे दुपारी ती आपोआप शांत बसतात. दुपारसाठी सर्वांत चांगला उद्योग घरातच असतो: सुपात मूठभर तूर आणि मूठभर हरभरा एकत्र करून चार-पाच वर्षांच्या मुलाला ते वेगवेगळ्या वाट्यांत निवडायला सांगावे, मग दहा-दहाचे ढीग मोजायला लावावेत. यातून बोटांची पकड सुधारते, अंक पक्के होतात आणि मूल मोबाइलपासून दूर राहते. मात्र तीन वर्षांखालील मुलाच्या हाती दाणे मुळीच देऊ नयेत, कारण ते नाकात किंवा श्वासनलिकेत अडकू शकतात. त्याला पळी आणि रिकामे डबे पुरतात. शेजारी कोणीतरी मोठे माणूस बसलेले असावेच, आणि ते काम एकट्या आईवर सोडू नये. वडील व आजोबाही घरीच असतात. मधूनमधून माठातले पाणी द्यावे आणि जेवणापूर्वी साबणाने वीस सेकंद हात धुवून घ्यावेत.